खेळातले ऊन आणि अलिबागचा उकाडा

“सर, माझा माणूस उन्हाने मेला.”

एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या नववीतल्या मुलाने हे वाक्य इतक्या शांतपणे म्हटले, की आम्ही दचकलोच. पाहिले तर त्याच्या हातात मोबाईल होता आणि मेलेला माणूस पडद्यावरचा होता. मुलाचा स्वतःचा सदरा मात्र पाठीला चिकटला होता आणि हनुवटीवरून घामाचे थेंब टपकत होते. “तुला नाही का उकडत?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “उकडतंय ना सर. पण इथे फक्त चौतीस आहे. त्याचे सत्तर झाले होते.”

हा लेख त्या ‘फक्त’ या शब्दाबद्दल आहे.

खेळाचे नाव ‘डोन्ट स्टार्व्ह’, म्हणजे ‘उपाशी मरू नकोस’. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातील क्ले एंटरटेनमेंट या संस्थेने तो २०१३ साली काढला. एका अनोळखी रानात आपला माणूस एकटाच सापडतो. लाकूडफाटा गोळा करायचा, अन्न शोधायचे, अंधारात दिवा पेटता ठेवायचा आणि जितके दिवस जगता येईल तितके जगायचे, एवढाच खेळ. अशा खेळांना आता ‘सर्व्हायव्हल’ म्हणजे तगून राहण्याचे खेळ म्हणतात. २०१४ मध्ये या खेळाला ‘रेन ऑफ जायंट्स’ नावाची पुरवणी जोडली गेली आणि तिच्यासोबत कडक उन्हाळा आला. तोपर्यंत खेळात फक्त गारठून मरता येत असे, आता तापूनही मरता येऊ लागले.

आम्ही तो खेळ त्या मुलाकडून शिकून घेतला आणि मे महिन्याच्या सुट्टीत बराच खेळलो. विज्ञानशिक्षकाने एखादे पाठ्यपुस्तक तपासावे तसा तो तपासावा असे मनात होते. मुले आज उष्णतेविषयी जे शिकतात त्यातले काही वर्गात शिकतात आणि काही अशा खेळांत. पुस्तकांची परीक्षणे आपण लिहितो, तर या दुसऱ्या गुरुजींचेही परीक्षण व्हायला हवे.

आधी त्याचे गुण सांगतो, कारण ते खरेच आहेत. खेळातल्या माणसाच्या शरीराला तापमान आहे. ते शून्याखाली गेले की तो गारठतो, सत्तरच्या वर गेले की त्याला उन्हाचा त्रास सुरू होतो. सत्तर ओलांडल्यावर त्याच्या आरोग्याच्या अंकांतून दर सेकंदाला सव्वा अंक कमी होतो. विल्सन या मुख्य पात्राजवळ १५० अंक असतात, म्हणजे काही उपाय केला नाही तर तो दोन मिनिटांत संपतो. पण तापमान एकदम चढत नाही. ते हळूहळू चढते आणि चढण्याचा वेग कपड्यांवर अवलंबून असतो. गवताची टोपी, छत्री, झाडाची सावली यांनी तो कमी होतो. हिवाळ्यात उपयोगी पडणारा लोकरी कपडा उन्हाळ्यात घालणे वेडेपणाचे ठरते. हे सगळे चार रेघांच्या चित्रांत बसवणे सोपे नाही.

आम्हाला सर्वांत आवडला तो त्यातला ‘उष्णतेचा दगड’. हा दगड शेकोटीजवळ ठेवला की तापतो आणि खिशात ठेवला की बराच वेळ ऊब देतो. उन्हाळ्यात तोच दगड बर्फाच्या पेटीत ठेवून गार करायचा आणि बरोबर घेऊन हिंडायचे. उष्णता साठवता येते, ती गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते आणि दगड एकच असून तो दोन्ही कामे करतो, हे आठवीच्या मुलाला इतक्या सहज समजावणारा धडा आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी एक गंमत आहे. या खेळात ‘थंड शेकोटी’ पेटवता येते. तिला सोरा लागतो आणि तिच्या शेजारी बसले की माणूस गार होतो. पहिल्यांदा आम्ही हसलो. जळणारी वस्तू उष्णता शोषून घेते हे कोणत्याही प्रयोगशाळेत घडणार नाही. पण सोऱ्याची निवड बिनबुडाची नाही. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो आणि पाणी गार होते. अकबराच्या दरबारात पिण्याचे पाणी गार करण्यासाठी सोरा वापरत, असे अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदवले आहे. खेळ रचणाऱ्यांनी विरघळण्याच्या जागी जळणे आणले एवढेच. शिक्षकाने ही चूक वर्गात जरूर आणावी. चंचुपात्रातल्या पाण्यात तापमापी ठेवून नवसागर किंवा सोरा विरघळवून दाखवला, तर मुलांना खेळातले खरे आणि खोटे एकाच वेळी दिसेल.

आता तक्रारी. पहिली तक्रार अशी की खेळातले शरीर हाच एक दगड आहे. भोवताली ऊन असेल तर तापतो, सावली असेल तर निवतो. तो माणूस झाड तोडत असो की नुसता उभा असो, त्याच्या तापमानाला त्याचे काही वाटत नाही. खऱ्या माणसाच्या आत मात्र भट्टी चालू असते. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे पूर्वी घरोघरी असलेल्या शंभराच्या पिवळ्या दिव्याइतकी. ही उष्णता बाहेर टाकता आली नाही तर काय होईल, याचे गणित दहावीचा विद्यार्थी करू शकतो. शरीराचे एक किलोग्रॅम वस्तुमान एक अंशाने तापायला सुमारे ३.५ किलोज्यूल उष्णता लागते. साठ किलोच्या माणसाला २१० किलोज्यूल लागतील. शंभर वॅट म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल. म्हणजे नुसते बसून राहूनही तासाभरात शरीर पावणेदोन अंशांनी तापेल. उन्हात धावणाऱ्या गोलंदाजाच्या शरीरात पाचशे वॅट तयार होत आहेत असे धरू. उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसेल तर सदतीसवरून चाळीसवर जायला त्याला एकवीस मिनिटे पुरतील.

रायगडच्या किनाऱ्यावर हे गणित पुस्तकातले राहत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरतात, कुठे भाताच्या मोकळ्या खाचरात, कुठे ओहोटीच्या वाळूवर. मुले सकाळी जातात ती संध्याकाळी येतात. “ऊन आहे, जपून” असे घरचे सांगतात आणि मुलगा मोबाईलवर तापमान पाहून म्हणतो, चौतीस तर आहे.

सगळ्याच खेळांनी श्रमाकडे दुर्लक्ष केले आहे असे नाही. ‘प्रोजेक्ट झोम्बॉईड’ नावाच्या खेळाच्या अलीकडच्या आवृत्तीत धावले, कुऱ्हाड चालवली की शरीर आतून तापते. म्हणजे हे करणे शक्य आहे, फक्त कोणाला तरी ते महत्त्वाचे वाटले पाहिजे.

दुसरी तक्रार यापेक्षा मोठी आहे आणि तिच्यासाठी थोडे भाषेत शिरावे लागेल. मराठीत उन्हाळ्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. नागपूरचा माणूस म्हणतो, ऊन भाजून काढतेय. अलिबागचा माणूस म्हणतो, उकडतेय. स्वयंपाकघरात या दोन क्रिया किती वेगळ्या आहेत हे सर्वांना माहीत आहे. पापड भाजतात, मोदक उकडतात. भाजताना कोरडी उष्णता लागते, उकडताना वाफ. भट्टीच्या दोनशे अंश तापलेल्या हवेत क्षणभर हात घातला तरी निभावते, पण मोदकपात्राचे झाकण काढताना शंभर अंशांच्या वाफेचा फटकारा बसला तर फोड येतो. केवळ तापमानाचा आकडा सांगून उष्णतेची कहाणी पुरी होत नाही हे आपल्या आज्यांना मोदकांनी शिकवले होते.

‘डोन्ट स्टार्व्ह’मधला उन्हाळा भाजणारा आहे, उकडणारा नाही. त्या रानात उन्हाळ्यात झाडे-गवत आपोआप धुमसू लागते आणि वणवे लागतात. तिथे माणूस भिजला की त्याचे तापमान उतरते. ओले म्हणजे गार, हा खेळाचा नियम आहे. कोरड्या हवेत तो खराही आहे. तो खोटा कसा आणि कुठे पडतो ते पाहू.

घाम माणसाला गार करतो असे आपण शिकवतो, पण ते अर्धेच खरे आहे. त्वचेवर आलेला घाम त्वचेइतकाच कोमट असतो. तो नुसता असून काही गार होत नाही. त्याची वाफ झाली तरच प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता शरीरातून जाते. आमच्या गोलंदाजाचे पाचशे वॅट फक्त घामाने घालवायचे असतील तर तासाला पाऊण लीटर घामाची पूर्ण वाफ झाली पाहिजे. सदऱ्यावरून पिळून काढलेला आणि वाळूत टपकलेला घाम या हिशेबात धरायचा नाही. शरीरातले पाणी आणि मीठ त्याने गेले, थंडावा मात्र मिळाला नाही.

वाफ किती होईल हे त्वचेवरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर अवलंबून असते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर बाष्पदाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटर असतो. समजा, नागपूरला मे महिन्यात तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. तिथल्या हवेतला बाष्पदाब अवघा ९ मिलिमीटर येतो. फरक ३३. त्याच दिवशी अलिबागला तापमान ३४ आणि आर्द्रता ७० टक्के आहे असे धरा. हवेतला बाष्पदाब येतो २८ मिलिमीटर आणि फरक उरतो १४. वारा सारखाच असला तर अलिबागकराच्या अंगावरून नागपूरकराच्या निम्म्याहूनही कमी घाम उडू शकेल. नागपूरची हवा त्वचेपेक्षा गरम असल्यामुळे उलट उष्णता देते, ते ओझे अलिबागला नाही, हे मान्य. कोरडे ऊनही माणसे मारते. घाम दिसायच्या आत उडून जात असल्यामुळे शरीर किती सुकले ते कळत नाही आणि विदर्भात दर वर्षी त्याचे बळी जातात. पण आठ अंशांनी ‘थंड’ असलेले अलिबाग आठ अंशांनी सुरक्षित आहे, असे मुळीच नाही.

हे ज्यांना आकड्यांनी पटत नाही त्यांनी कूलर आठवावा. वाळ्याचे पडदे लावलेला पाण्याचा कूलर विदर्भात घरोघरी असतो. कोकणात कोणी हौसेने तो आणलाच तर चार दिवसांत अडगळीत जातो, कारण त्याने खोली गार होण्याऐवजी दमट होते. कूलर आणि घाम यांचे तत्त्व एकच आहे. जिथे कूलर चालत नाही तिथे आपला घामही नीट चालत नाही.

शाळेत हे मोजता येते. दोन सारख्या तापमापी घ्या. एकीच्या फुग्याभोवती पातळ सुती फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्यात बुडवा आणि दोन्हींना पुठ्ठ्याने वारा घाला. ओल्या फडक्याची तापमापी जे तापमान दाखवते, त्याच्याखाली घाम किंवा कूलर कोणालाही नेऊ शकत नाही. वर धरलेल्या नागपूरच्या हवेत ती सुमारे २२ अंश दाखवील, अलिबागच्या हवेत २९. चौतीस अंशांचे गाव बेचाळीस अंशांच्या गावापेक्षा या तापमापीवर सात अंशांनी गरम निघते! हे ओले तापमान ३५ अंशांवर पोचले तर धडधाकट माणूसही सावलीत बसून जगू शकणार नाही, असे स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात निरोगी तरुणांवर पुढे प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार दमट हवेत हलकी कामे करतानाही साधारण ३० ते ३१ अंश ओल्या तापमानाच्या पुढे शरीराचा तोल सुटू लागतो. अलिबागच्या सावलीतले आपले २९ त्यापासून किती दूर आहेत ते वाचकांनीच पाहावे.

आता खेळाकडे परत येऊ. हवेतल्या वाफेचा विचार खेळ रचणाऱ्यांना सुचला नाही, की त्यांना त्याची गरज भासली नाही? आम्हाला वाटते, दुसरे. या प्रकारच्या खेळांचा जन्मच थंडीत झाला आहे. कॅनडातल्याच दुसऱ्या एका संस्थेचा ‘द लाँग डार्क’ हा खेळ पाहा. २०१७ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. त्यात बर्फाळ रानात माणूस तगवायचा असतो आणि तिथे हवेचे तापमान दाखवून खेळ थांबत नाही. वारा आणि कपडे धरून ‘जाणवणारे’ तापमान किती, तेही तो सांगतो. वाऱ्याने थंडी किती बोचते हे मोजण्याचे प्रयोग पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकात केले आणि १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दमटपणाने उकाडा किती वाढतो याचे तितकेच नेमके कोष्टक रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ साली दिले. त्यावर आधारलेल्या निर्देशांकाप्रमाणे आपल्या अलिबागच्या हवेतले जाणवणारे तापमान ४७ अंशांच्या जवळ येते. दोन्ही शोध उपलब्ध होते. खेळांनी पहिला उचलला, दुसरा पडून राहिला. ज्याला जे बोचते त्याचे तो नियम करतो.

यात कोणाला हिणवायचे नाही. त्याच कॅनडात, व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात, जून २०२१ मध्ये उष्णतेची अशी लाट आली की लिटन या गावी ४९.६ अंशांची नोंद झाली आणि प्रांतात ६१९ माणसे उष्णतेने दगावली. त्यातली बहुतेक उन्हात नव्हे, आपापल्या घरात गेली. त्यानंतर एखाद्या कॅनडियन खेळात घराच्या आतला उन्हाळा आला तर आम्हाला नवल वाटणार नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर भाजणे आणि उकडणे दोन्ही इथेच आहेत. किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली आणि ती देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. अलिबाग-मुरुडचे चौतीस कधी छापून येत नाहीत. भारतीय हवामान खात्याने मात्र हा फरक आपल्या निकषांत मानला आहे. मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते. किनाऱ्यासाठी तोच उंबरठा ३७ अंशांचा आहे, अर्थात तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेले असले पाहिजे. हा तीन अंशांचा फरक का, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला विचारण्यासारखा आहे.

हा फरक कळला नाही तर काय होते ते रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. रविवार, १६ एप्रिल २०२३. खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ होता आणि लाखो माणसे सकाळपासून डोक्यावर छत नसताना बसली होती. समारंभ दुपारी संपला. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशीचे कमाल तापमान ३८ अंश नोंदले गेले. महाराष्ट्रात अडतीस म्हणजे मोठा उन्हाळा असे कोणी म्हणत नाही. पण मैदानावरची परिस्थिती त्या आकड्यात नव्हती. वरून सूर्याचे थेट किरण, खाली तापलेली जमीन. चारही बाजूंना माणसे, ज्यांची त्वचा स्वतःच पस्तीस अंशांची आहे आणि जी आपापली शंभर वॅट उष्णता व घामाची वाफ त्याच हवेत सोडत आहेत. वारा असला तरी गर्दीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. दाट गर्दीत बसलेल्या माणसाचे हवामान हे हवामान केंद्राचे हवामान नसते.

ज्या गोष्टीने आम्हाला खेळाविषयी सर्वांत जास्त विचार करायला लावले ती इथेच आहे. खेळातला माणूस तापला की तो उठून सावलीत जातो, कारण खेळणाऱ्याने तसे ठरवलेले असते. खेळणारा पंख्याखाली बसलेला आहे, त्याचे डोके ठिकाणावर आहे. पडद्याच्या कडा लाल होतात, पात्र कुरकुरते, इशारा मिळतो आणि मग निर्णय होतो. उष्माघातात नेमका हा निर्णय घेणारा भागच आधी बिघडतो. शरीराचे आतले तापमान चाळीसच्या वर जाते तेव्हा माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, “मला काही झाले नाही” म्हणतो आणि मग बेशुद्ध पडतो. ‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये तर मनाचा ताळ मोजणारा वेगळा काटाही आहे. अंधाराने, राक्षसांनी, भिजण्यानेसुद्धा तो उतरतो. पण ऊन लागले की घट होते ती फक्त आरोग्याच्या अंकांत. मनाचा काटा आणि उन्हाचा काटा यांची गाठ रचणाऱ्यांनी घातली असती तर हा खेळ उष्माघातावरचा उत्तम धडा झाला असता. सगळे सामान हाताशी असताना ही एक गाठ राहून गेली, याची आम्हाला रुखरुख वाटते.

आणखी एक गोष्ट खेळात नाही, ती म्हणजे सवय. उन्हात रोज थोडे-थोडे काम करणाऱ्याचे शरीर एक-दोन आठवड्यांत बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. उरण-पेणकडच्या मिठागरात काम करणारा माणूस आणि सुट्टीला मुंबईहून गावी आलेला त्याचा पुतण्या एकाच उन्हात उभे असले तरी त्यांची शरीरे एक नाहीत. पण सवयीलाही मर्यादा आहे. घाम कितीही सुटला तरी तो उडवण्याचे काम हवेचे आहे. मिठागरातली माणसे भल्या पहाटे आणि ऊन उतरल्यावर कामाला का जातात, याचे कारण त्यांना कोणी बाष्पदाबाच्या भाषेत सांगितलेले नाही, तरी ते बरोबरच आहे. आणि ज्याला रोजावर दुपारीच उभे राहावे लागते त्याला सावली दिसत असूनही तिथे जाता येत नाही. खेळात असा मालक नसतो.

‘ओले म्हणजे गार’ या नियमाचा एक भाग वाचवायला हवा, नाहीतर आमच्या टीकेतून भलताच अर्थ निघेल. घामाने ओले होणे आणि विहिरीच्या पाण्याने ओले होणे यांत फरक आहे. विहिरीचे पाणी त्वचेपेक्षा गार असते, त्यामुळे ते वाफ न होताही उष्णता घेऊन जाते. हवा कितीही दमट असो. म्हणून उष्माघात झालेल्या माणसाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगभर गार पाणी ओतत राहणे आणि जोराने वारा घालणे हा उपाय किनाऱ्यावरही खरा आहे. गळ्याशी, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि १०८ क्रमांकाला फोन करण्यात वेळ दवडू नये. खेळात बर्फ खाल्ला की तापमान उतरते. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत हा धडा जिवावर बेतेल.

आमच्या व्हरांड्यातल्या मुलाला हे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग सर, आपला खेळ वेगळा करू या.” मोबाईलवर करणे आम्हाला जमणारे नव्हते, म्हणून पुठ्ठ्यावर केला. सापशिडीसारखी घरे आखली: बंदर, मिठागर, एस. टी. स्टँड, क्रिकेटचे मैदान, नारळाची वाडी, विहीर. प्रत्येकाची सुरुवात ३७ अंशांवर. प्रत्येक डावाला दोन तापमापींचे आकडे चिठ्ठीवर येतात आणि हिशेबात धरायचा तो ओल्या फडक्याच्या तापमापीचा. बसलात तर एक ठोकळा उष्णता, चाललात तर तीन, धावलात तर पाच. खाऱ्या वाऱ्याची चिठ्ठी आली की सर्वांचे दोन ठोकळे कमी, पण गर्दीच्या घरात असलेल्याला त्याचा लाभ नाही.

भांडण झाले ते शेवटच्या नियमावर. आम्ही लिहिले होते, की ३९ अंश ओलांडल्यावर खेळाडूने आपली सोंगटी स्वतः हलवायची नाही. शेजारचा खेळाडू त्याच्याकडे बघत असेल आणि आपला एक डाव सोडायला तयार असेल तरच ती विहिरीकडे सरकेल. मुलांना हे अन्यायाचे वाटले. “आपली सोंगटी दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची?” पुष्कळ वाद झाला. शेवटी एका मुलीने नियमाच्या खाली स्वतःच्या अक्षरात पुरवणी जोडली, “शेजाऱ्याने न सांगता बघायचे.” पुठ्ठ्यावर तो नियम आता तसाच आहे.